हौशी कारागीर आणि तांब्याचा सांधा

जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनहून 'द मॉडेल इंजिनिअर अँड अ‍ॅमेच्युअर इलेक्ट्रिशियन' या लांबलचक नावाचे एक नियतकालिक काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये 'सोसायटी ऑफ मॉडेल इंजिनिअर्स' ही संस्था स्थापन झाली, आणि १९०७ साली या छंदाचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. नावातील 'अ‍ॅमेच्युअर' हा शब्द पुढे गळाला. परंतु ज्या वाचकासाठी तो योजला होता तो वाचक मात्र टिकून राहिला. दिवसभर कचेरीत, शाळेत किंवा दुकानात राबून संध्याकाळी घरामागच्या छपरीत लेथ फिरवणारा हा माणूस कोणत्याही उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी न करता धातुकाम शिकू पाहत होता. इंग्लंडमधील तंत्रविद्येच्या इतिहासात कारखाने, संशोधक आणि पेटंटे यांना भरपूर जागा मिळाली आहे. या माणसाला फारशी मिळालेली नाही. वस्तुतः धातू जोडण्याची विद्या हातातून कागदावर कशी उतरली, आणि उतरताना तिचे काय सांडले, हे पाहावयाचे असल्यास त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

छापील शब्दावरून धातूचा सांधा शिकणे म्हणजे काय, याची कल्पना आधी केली पाहिजे. उमेदवाराला उस्ताद बहुधा काही सांगत नाही, तो करून दाखवतो. भट्टीतील पत्र्याचा रंग कोणत्या क्षणी बदलला, झाळ कधी ओघळली, ज्योत कधी मागे घेतली, हे सारे उमेदवार डोळ्यांनी टिपतो. लेखकाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याला डोळ्यांचे काम शब्दांकडून करवून घ्यावे लागते. आणि शब्द चुकला तर वाचकाच्या हातून सांधाही चुकतो. सांधा शोभेच्या वस्तूचा असेल तर नुकसान थोडे. वाफेच्या बॉयलरचा असेल तर गोष्ट निराळी.

बॉयलरचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९२२ च्या सुमारास. अडीच इंच रुळांवर धावणारी, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या बावीस-तेवीसपट लहान अशी इंजिने त्या काळी बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत. त्यांचा बॉयलर साधा असे: बाहेर एक कवच, आत पाण्याचे नळकांडे, त्याखाली दोन-चार नळ्या, आणि त्यांच्याखाली दिवा. इतक्या लहान आकारात खऱ्या इंजिनासारखी कोळशाची भट्टी पेटती राहणार नाही, असे व्यवसायातील जाणत्यांचे मत होते, आणि हेन्री ग्रीनली या नामांकित आराखडाकाराचे वजन त्या मताच्या पारड्यात होते. त्याविरुद्ध 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिहिणारा एक मनुष्य उभा राहिला. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेत त्याने नोकरी केली होती आणि तिच्याच आद्याक्षरांचे त्याने नाव करून घेतले होते. वाचक त्याला 'कर्ली' लॉरेन्स म्हणूनही ओळखत. 'आयेशा' नावाचे त्याचे छोटे इंजिन खराखुरा कोळसा जाळून मोठ्या माणसांना ओढीत असे. १९२४ साली लंडनमध्ये दोन्ही पक्षांची इंजिने समोरासमोर आली, आणि त्यानंतर कोळशाच्या बाजूचा विजय बहुतेक हौशी मंडळींनी मान्य केला. इंग्रजीत या प्रकरणाला 'बॉयलरांची लढाई' असे नाव पडले आहे.

या लढाईचे वर्णन आजवर इंजिनांच्या अंगाने पुष्कळ झाले आहे. तिचा खरा परिणाम मात्र सांध्यांवर झाला. स्पिरिटच्या बॉयलरला सांधे मोजके असत. कोळशाच्या बॉयलरला आत भट्टीची पेटी, तिच्याभोवती पाण्याची पोकळी, पेटीपासून धुराड्यापर्यंत जाणाऱ्या नळ्या, नळ्यांच्या दोन्ही टोकांना भोके पाडलेले पत्रे, तळाशी चौकट, आणि समोरासमोरचे पत्रे फुगू नयेत म्हणून त्यांना एकमेकांशी जखडणारे 'स्टे' नावाचे आडवे दांडे, असा सगळा संसार असतो. सांध्यांची संख्या पाच-सातावरून एकदम कित्येक डझनांवर जाते. चार इंच लांब व तीन इंच उंच अशा भट्टीच्या एका बाजूवर, चौरस इंचास ८० पौंड दाबाने, ९६० पौंडांचा रेटा पडतो. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. परंतु ते एकदा केल्यावर सांधा हा सौंदर्याचा विषय राहत नाही. कोळसा जिंकला खरा, पण त्यामुळे घरच्या छपरीत धातू जोडणाऱ्या हजारो हातांना एका गंभीर प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले: हा सांधा कोणत्या रीतीने करावयाचा?

उत्तरे अनेक होती आणि त्यांची तुलना हाच पुढे या मंडळींचा आवडता विषय होऊन बसला. येथे मराठी शब्दांविषयी थोडा खुलासा अवश्य आहे. डाख आणि झाळ हे दोन्ही शब्द मराठीत चालतात व बोलण्यात त्यांची सरमिसळही होते. पुढील विवेचनात कथील-शिशाच्या, कमी उष्णतेच्या सांध्याला डाख, पितळ किंवा रुपे वितळवून केलेल्या सांध्याला झाळ, आणि मूळचा धातूच वितळवून एकजीव केला असता वेल्डिंग, असा भेद पाळला आहे.

सर्वांत जुनी रीत रिव्हेट मारून फटी डाखाने बुजवण्याची. कथील व शिसे यांचे सर्वांत लवकर वितळणारे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला पातळ होते. चौरस इंचास ८० पौंड दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १६२ अंश असते. म्हणजे दोहोंत अंतर अवघे वीस अंशांचे! भट्टीवरचे पाणी कमी होऊन पत्रा उघडा पडला की हे अंतर क्षणात संपते. म्हणून विचारी लेखकांचा आग्रह असे की सांध्याची ताकद रिव्हेटांची आणि आटे पाडलेल्या स्टेंची असावी. डाखाने फक्त गळती थांबवावी. हा भेद समजण्यास सोपा असला तरी पाळण्यास कठीण आहे, कारण बाहेरून पाहिले असता दोन्ही बॉयलर सारखेच चकाकतात.

दुसरी रीत पितळेच्या झाळेची. तांबे व जस्त निम्मेनिम्म असलेली झाळ साधारण ८७० ते ८८० अंशांच्या आसपास वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. येथे अंतर भरपूर आहे. पण अडचण वेगळीच आहे. तांबे उष्णता अतिशय लवकर वाहून नेते, पोलादाच्या सात-आठपट वेगाने म्हणावयास हरकत नाही. त्यामुळे सांधा तेवढा तापवतो म्हटले तर तापत नाही, सगळा बॉयलर तापवावा लागतो. कोळशाच्या चुऱ्यात बॉयलर रोवून, रॉकेलच्या मोठ्या दिव्याची गर्जणारी ज्योत त्यावर सोडून, एका हाताने झाळेची कांडी लावणे ही एकट्या माणसाची कसोटीच असे. तांबट आळीत ज्याचे बालपण गेले आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. फरक इतकाच की तांबटाच्या पाठीशी पिढ्या असतात, आणि या इंग्रज कारकुनाजवळ मासिकाचा एक अंक असे.

याच जागी भाषेचा प्रश्न उभा राहतो. तापमापक यंत्र घरी नाही. तेव्हा उष्णता रंगावरून ओळखावयाची. जॉन ड्रेपर यांनी १८४७ साली दाखवून दिले होते की घन पदार्थ साधारण ५२५ अंशांना अंधारात मंद तांबडे दिसू लागतात. तेथून पुढे मंद लाल, चेरीसारखा लाल, तेजस्वी लाल, नारिंगी, अशी इंग्रजी शब्दांची एक शिडी आहे. परंतु ही शिडी भिंतीला टेकलेली नाही. भर दुपारी दारात जो पत्रा काळा दिसतो तोच छपरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लाल दिसतो. आणि एकाचा 'मंद लाल' दुसऱ्याचा 'लाल' असतो. चेरीचे फळ न पाहिलेल्या वाचकाला तर तो शब्द काहीच सांगत नाही. कारखान्यात उस्ताद बोट दाखवून 'हा पाहा' म्हणतो आणि शब्द वस्तूला बांधला जातो. छापील पानावर ते बोट नसते.

एल. बी. एस. सी. चे वैशिष्ट्य असे की त्याने ही उणीव ओळखली आणि रंगाच्या शब्दावर सगळा भार टाकला नाही. १९२४ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्याने लिहिलेल्या लेखमालांत सांध्याची खूण बहुधा पदार्थाच्या वर्तनात शोधलेली आढळते: आधी कांडीचे टोक सांध्याला टेकवून पाहावे, ते स्वतः वितळून पळू लागले तर उष्णता पुरी. त्याची भाषा शिष्ट इंग्रजी नव्हती. रेल्वेच्या छपरीतील बोली, थट्टा, टोपणनावे यांनी ती भरलेली असे, आणि हजारातल्या अंशापर्यंत घासाघीस करणाऱ्या टीकाकारांसाठी त्याने 'इन्स्पेक्टर मेटिक्युलस' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करून ठेवले होते. व्यावसायिकांपैकी काहींना ही भाषा पोरकट वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण थट्टेच्या ओघात त्याची स्वतःची मतेही सिद्धांतासारखी पुढे सरकत. तथापि शिकवण्याच्या दृष्टीने पाहता, काय करावे एवढेच न सांगता ते करीत असता काय दिसेल, काय ऐकू येईल, चुकले तर कसे चुकेल हे सांगणारी ती भाषा होती. आणि नियमबद्ध पाठ्यपुस्तकांनी जे साधले नाही ते तिने साधले, असेच म्हणावे लागते. १९६७ साली त्याचे निधन झाले तेव्हा त्याच्या आराखड्यांवरून बांधलेली इंजिने इंग्लंडबाहेरही अनेक देशांत धावत होती.

झाळेला सोबत लागतो तो टाकणखार. तापलेल्या धातूवर हवेतील प्राणवायूने जी साय धरते ती विरघळवून पृष्ठभाग उघडा ठेवणे हे त्याचे कार्य. आपल्याकडील सोनारांच्या परिचयाचा हा पदार्थ इंग्लंडमध्ये दीर्घ काळ तिबेटातून हिंदुस्थानमार्गे जात असे, आणि कच्च्या टाकणखाराला इंग्रजीत असलेले 'टिंकल' हे नाव संस्कृत 'टङ्कण' याच शब्दाशी फारसीच्या वाटेने जोडलेले आहे. त्याचे दुसरे नाव 'बोरॅक्स' हेही अरबी-फारसीतूनच युरोपात गेले. एकोणिसाव्या शतकात इटलीतील टस्कनी आणि पुढे कॅलिफोर्निया येथील साठे हाती आल्यावर ही वाट बंद पडली, शब्द मात्र कोशात राहिला. खुद्द जोडकामाचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. इंग्रजी 'वेल्ड' हा उकळणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचा बदललेला अवतार आहे. 'सोल्डर' च्या मुळाशी घट्ट करणे हा लॅटिन अर्थ आहे. आणि मराठीतील झाळ, झळ, जाळ यांचे ज्वालेशी नाते कानालाच जाणवते. एक भाषा धातूकडे पाहून नाव देते, दुसरी परिणामाकडे, तिसरी अग्नीकडे.

टाकणखाराचा आणखी एक उपयोग छापील सूचनांत वारंवार येतो. तापताना तो आधी फुगतो, मग बसतो, आणि ७४० अंशांच्या सुमारास काचेसारखा वाहू लागतो. म्हणजे तो स्वतःच एक तापमापक आहे. पितळेच्या झाळेसाठी ही खूण उत्तम होती. परंतु पुढे 'जॉन्सन मॅथी' या कंपनीची 'ईझी-फ्लो' नावाची रुप्याची झाळ हौशी मंडळींच्या हाती आली तेव्हा हीच जुनी खूण फसवी ठरली. निम्मे रुपे असलेली ही झाळ ६२० अंशांच्या आसपासच वितळू लागते. त्या वेळी टाकणखार अजून धड वितळलेलाही नसतो. जुन्या सवयीने तो वापरणाऱ्याची झाळ गोळी होऊन बसे, आणि तो दोष झाळेला देई. नव्या झाळेला फ्लोराइडयुक्त, कमी उष्णतेत काम करणारे द्रावक हवे होते. रीत बदलली की तिच्या भोवतीचे सगळे ज्ञान बदलावे लागते, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसते.

रुप्याच्या झाळेने मात्र कामाचे स्वरूपच पालटले. ती पातळ होऊन केशाकर्षणाने फटीत शिरते. फट मिलिमीटरच्या विसाव्या ते सातव्या हिश्श्याएवढी असली म्हणजे पुरे. त्यामुळे वर ढीग रचण्यापेक्षा भाग नीट बसवण्याला महत्त्व आले. शिवाय वेगवेगळ्या तापमानाच्या झाळी उतरत्या क्रमाने वापरल्या म्हणजे दुसरा सांधा करताना पहिला सुटत नाही. दागिना घडवणाऱ्या सोनाराला ही युक्ती नवी नाही.

याच सुमारास ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलीन यांची ज्योतही छंदाच्या कक्षेत आली. ल शातेलिए यांनी १८९५ मध्ये या ज्योतीचे तापमान ३००० अंशांहून अधिक असल्याचे दाखवले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तिच्यासाठी कामचलाऊ नळी तयार झाली. क्लोद व एस यांनी अ‍ॅसिटिलीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून साठवण्याची युक्ती काढली नसती तर हा वायू घरात आणणे शक्यच नव्हते. मोकळ्या स्थितीत तो वातावरणाच्या दुप्पट दाबाच्या आसपासच आपोआप फुटू शकतो. ही ज्योत बारीक, उग्र आणि मोहात पाडणारी. रॉकेलच्या दिव्याशी झुंजलेल्या माणसाला ती वरदान वाटली तर नवल नाही. पण जी ज्योत एका जागी पत्रा क्षणात तापवते तीच त्याला क्षणात भोकही पाडते. दुसरे असे की साधारण व्यापारी तांब्यात थोडा प्राणवायू अडकलेला असतो. हायड्रोजन असलेल्या ज्योतीत तो आतल्या आत वाफ निर्माण करतो, आणि तांबे ठिसूळ होते. त्यासाठी फॉस्फरसने शुद्ध केलेले तांबे लागते. दुकानातून मिळेल तो पत्रा उचलणाऱ्या हौशी माणसाला हा भेद डोळ्यांनी कळणे अशक्य होते.

तुलनेच्या या चर्चांत एका नावाने विशेष घोटाळा केला. सफोक आयर्न फाउंड्रीने आपल्या आद्याक्षरांवरून नाव दिलेल्या 'सिफब्राँझ' कांड्या फार लोकप्रिय झाल्या, आणि त्यांनी केलेल्या कामाला 'ब्राँझ वेल्डिंग' म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः ही कांडी मुख्यतः तांबे व जस्त यांची, म्हणजे पितळेच्या जातीची आहे. आणि त्या क्रियेत मूळ धातू वितळत नाही, म्हणून ते वेल्डिंगही नव्हे. दोन शब्दांच्या नावात दोन्ही शब्द चुकीचे! हा केवळ कोशकाराचा आक्षेप नाही. पितळेतील जस्त विशिष्ट पाण्यात हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ताकद नसलेले तांबे उरते. ब्राँझ हा शब्द वाचून निर्धास्त झालेल्या माणसाच्या मनात जस्ताची शंका येणार कशी? उलट दिशेची फसगत फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याच्या झाळेने केली. तांब्यावर ती द्रावकाशिवायच धावते, स्वस्तही पडते. पण कोळशाच्या धुरातील गंधक अशा सांध्याला खाते, म्हणून कोळशाच्या भट्टीत ती वर्ज्य. नळकाम करणाऱ्याचा चांगला अनुभव येथे उपयोगी पडत नाही, घातकच ठरतो.

आणि घात सांध्यापुरताच नव्हता. ईझी-फ्लोच्या सुलभ वितळण्याचे एक कारण तिच्यातील कॅडमियम हे होते. हा धातू ७६७ अंशांना उकळतो. झाळ जरा जास्त तापली की त्याची वाफ निघते, तिला डोळे झोंबवणारा उग्र वास नाही, आणि फुप्फुसावरील परिणाम काही तासांनंतर, तापासारख्या लक्षणांनी सुरू होतो. संध्याकाळी दार लावून काम करणारा माणूस रात्री अंग मोडून आले म्हणून पडसे समजून झोपी जाई. कारखान्यात हवा खेळती ठेवण्याचे बंधन मालकावर घालता येते. घराच्या छपरीत मालक, कामगार आणि निरीक्षक एकच असतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०११ पासून झाळकामाच्या मिश्रधातूंतील कॅडमियमवर बंदी घातली, तेव्हा ब्रिटन त्या संघात होते, आणि अनेक जुन्या हौशी कारागिरांनी त्या बंदीबद्दल कुरकुर केली. ५५ टक्के रुप्याची, ६३० ते ६६० अंशांच्या दरम्यान वितळणारी नवी झाळ त्यांना महाग व हट्टी वाटली. त्यांची अडचण खरी होती. पण चांगली वाहणारी झाळ गेली या तक्रारीत, ती का चांगली वाहत होती हा भाग बहुधा गाळला जाई.

टंगस्टनच्या कांडीभोवती निष्क्रिय वायूचे आवरण धरून विजेच्या ठिणगीने वेल्डिंग करण्याची रीत अमेरिकेत नॉर्थ्रॉप कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास विमानांच्या मॅग्नेशियमसाठी सिद्ध केली. ती लहान तांब्याच्या बॉयलरापर्यंत पोहोचण्यास पुष्कळ वर्षे लागली, आणि पोहोचली तीही मुख्यतः धंदेवाईक बॉयलरकारांमार्फत. २००२ पासून विक्रीच्या दाबपात्रांना युरोपीय नियम पूर्णपणे लागू झाल्यावर प्रमाणित वेल्डरचा सांधा त्यांना सोयीचा होता. स्वतःसाठी बॉयलर बांधणाऱ्याची कसोटी मात्र पूर्वीप्रमाणेच क्लबाच्या निरीक्षकापुढे होत राहिली. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हवा पूर्ण काढून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब त्यावर द्यावयाचा. वाफेऐवजी पाणी अशासाठी की ते जवळजवळ दबत नाही. त्यामुळे सांधा सुटलाच तर स्फोट न होता नुसती धार उडते.

पण पंपाला हात लावण्यापूर्वी अनुभवी निरीक्षक बॉयलर उलटा करून आत दिवा धरतो. झाळ बाहेरच्या बाजूने दिलेली असते. आतल्या बाजूला फटीच्या काठाने रुप्याची अखंड बारीक रेघ उमटलेली दिसली, तर ती आरपार गेली आहे. जेथे रेघ तुटली असेल तेथे तो खडूने खूण करतो आणि बॉयलर मालकाच्या हाती परत देतो.